वडिलोपार्जित रानात जुनी नाणी आणि मेटल डिटेक्टर: माती, कायदा, अनुभव

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचक होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

आमचं रान गोदावरीच्या काठाला आहे. (संपादन: गावाचं नाव काढून टाकलं आहे. कारण खाली 'खापर' यांच्या प्रतिसादात आहे.) सात-बाऱ्यावर बाबा आणि दोघे काका, अशी तिघांची नावं. देवघरात दोन शिवराया, म्हणजे तांब्याची जुनी मराठाकालीन नाणी, आहेत. पणजोबांना त्या नांगरताना सापडल्या असं आजी सांगायची. दसऱ्याला त्यांना हळदकुंकू वाहिलं की म्हणायची, "रानात अजून असतील गं, बघणारा डोळा पायजे." आजी जाऊन चार वर्षं झाली, पण ते बोलणं डोक्यातून जात नाही.

गेल्या महिन्यात साध्यातला व्हीएलएफ (कमी वारंवारतेच्या लहरींवर चालणारा) डिटेक्टर घेतला. ज्वारी निघालीय, रान मोकळं आहे. दोन दिवसांत सदतीस खड्डे काढले. मिळालं काय, तर बैलाच्या पायातल्या नऊ पत्र्या, गंजलेले खिळे, ट्रॅक्टरचे वॉशर, विळ्याचं अर्धं पातं आणि गुटख्याच्या पुड्यांचा चांदीकागद मोजता येणार नाही इतका. शिवाय काळ्या रानात मशीन सारखं किंचाळतं. कॉइल (मशीनची खालची चकती) जमिनीजवळ नेली की आवाज, उचलली की आवाज.

तिसऱ्या दिवशी बांधाजवळ एक नाणं हाती आलं. हिरवं, मातीचा गोळा चिकटलेलं. मी दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले होते, तेवढ्यात चुलतभावानं ते चिंच-मीठ लावून घासून काढलं. आता लालबुंद चमकतंय आणि अक्षरं जवळजवळ गेलीत. त्याचा हेतू चांगलाच होता, पण मला रात्रभर झोप लागली नाही.

मशीनचं काय करू? नाणी साफ कशी करायची? आणि हे सगळं कायद्यात बसतं का?

वाफसा

ताई, मशीन बिघडलेलं नाही, माती बोलतेय. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली, आणि त्या खडकात मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजं भरपूर. डिटेक्टरची कॉइल जमिनीत चुंबकीय लहरी सोडते आणि धातूत उठलेल्या प्रवाहाचा उलट निरोप ऐकते. मातीतलं लोहखनिजही तसाच निरोप देतं, म्हणून सगळीकडे बोंब. कोकणातल्या जांभ्यावरही हाच त्रास होतो.

त्यासाठी 'ग्राउंड बॅलन्स' करावा लागतो. खाली धातू नाही अशी जागा शोधा. कॉइल जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवरून खाली बोटभर अंतरापर्यंत सावकाश खालीवर करत राहा आणि आवाज खालीवर होताना सारखाच राहीपर्यंत बटण जुळवा. रानाच्या एका टोकाचं जुळवलेलं दुसऱ्या टोकाला चालेलच असं नाही, माती बदलली की पुन्हा करा. मग सेन्सिटिव्हिटी कमी करा. नवीन माणूस ती पूर्ण वर ठेवतो आणि गोंगाटात खरं नाणं हरवून बसतो. आपल्या मातीत थोडी कमी ठेवलेली मशीन जास्त खोल बघते, हे मला पटायला दोन हंगाम लागले.

दुसरं म्हणजे वेळ. तुम्ही आत्ता कोरड्या, भेगाळलेल्या रानात फिरताय. उन्हाळी नांगरट होऊ द्या. नांगरटीनंतर लगेच जाऊ नका, ढेकळांवर कॉइल सपाट फिरत नाही आणि चार बोटांची खोली तिथंच जाते. एकदोन वळीव पडून ढेकळं फुटली, वाफसा आला, आणि पेरणीला अजून आठ दिवस आहेत, तो काळ सोन्यासारखा. ओलसर मातीत सिग्नलही सुधारतो. आणि तेव्हा मशीनच्या आधी डोळ्यांनी बघा. पावसानं धुतलेल्या रानात सकाळच्या तिरप्या उन्हात मला मशीनशिवाय जितकी नाणी दिसली, तितकी मशीननं दिली नाहीत. तुमच्या आजीचं डोळ्याचं बोलणं शंभर टक्के खरं आहे.

नाणेपेटी

चिंचेचं वाचून पोटात कालवलं. तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा-तपकिरी थर हा मळ नसतो, नाण्याचाच वरचा भाग असतो. शेकडो वर्षांत वरचं तांबं मातीशी मिळून तो थर झालेला असतो, आणि कित्येकदा अक्षरं त्या थरातच उरलेली असतात. आम्ल लावलं की थर विरघळतो, सोबत अक्षरंही. लिंबू, चिंच, भांडी घासायची पावडर, तारेचा ब्रश, यातलं काहीही लावू नका.

करायचं एवढंच: डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून ठेवा, दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, माती सुटली की लाकडी दातकोरणीनं हलक्या हातानं काढा, सावलीत पूर्ण वाळवा. वाळल्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड उठत असेल तर तो रोग आहे. क्षारामुळे नाणं आतून खात जातं. असं नाणं बाकीच्यांपासून वेगळं, एकदम कोरडं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, कागदी पाकीट बरं.

तुमच्या भागात शिशाची नाणीही निघू शकतात. ती काळपट-राखाडी आणि आकाराच्या मानानं जड असतात. ती लाकडी डबीत किंवा कपाटात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिसं पांढरं पडतं आणि त्याचा भुगा होतो. हाताळल्यावर हात धुवा.

घासलेल्या नाण्याचा फोटो टाकाल का? अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवी धरून, नाण्याच्या कडेनं उजेड पाडून काढा. सपाट वाटणाऱ्या नाण्यावरही सावल्या पडतात.

कलम_वीस

कायद्याबद्दल लिहितो, कारण याबाबतीत गावोगावी नुसती ऐकीव माहिती फिरते.

लागू होतो तो भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. इंग्रजांच्या काळचा असला तरी आजही चालू आहे. जमिनीत लपलेली कोणत्याही मोलाची वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर सापडवणाऱ्यानं शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय सापडलं, अंदाजे किती मोलाचं, कुठं, कोणत्या तारखेला. आणि वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा मागाल तेव्हा हजर करीन अशी हमी द्यायची. १८७८ साली दहा रुपये ही मोठी रक्कम होती. आज त्या मर्यादेत जवळजवळ काहीच बसत नाही. एखादं सुटं पडलेलं नाणं 'लपलेलं' म्हणायचं का यावर वकील वाद घालू शकतील. माझा सल्ला विचाराल तर वाद घालत बसू नका, कळवून टाका. कागद तुमच्या बाजूनं राहतो.

पुढं जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात, आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांदरम्यानची तारीख देतात. कोणाचाही हक्क सिद्ध झाला नाही तर निधी बेवारस ठरतो. तेव्हा सापडवणारा आणि जमिनीचा मालक वेगळे असतील, आणि त्यांच्यात आधी काही करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा मालकाला. पुन्हा वाचा: तीन हिस्से सापडवणाऱ्याला. वाटणीपूर्वी सरकारला वस्तू हवी असेल तर धातूच्या किमतीवर एक-पंचमांश जास्त देऊन सरकार ती घेऊ शकतं.

कळवलं नाही तर कलम २०. सापडवणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मालकानं लपवायला मदत केली तर त्यालाही शिक्षा.

याखेरीज १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनं नाणं ही त्यानुसार पुरावस्तू. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. आणि रानाशेजारी संरक्षित स्मारक किंवा पांढरीचं (जुन्या वस्तीचं) संरक्षित टेकाड असेल तर तिथं मशीन घेऊन पाऊलही टाकू नका.

पाटपाणी

सगळं बरोबर असेल वकीलसाहेब, पण गावात कोण कळवतं? आमच्याकडं लोक म्हणतात, कळवलं की पुरातत्त्ववाले येतात, रानाला तारेचं कुंपण पडतं आणि पेरणी बंद. माझ्या वडिलांनी याच भीतीनं विहीर खोदताना निघालेली मोठी रांजणं तशीच फोडून भरावात टाकली.

कलम_वीस

पाटपाणी दादा, भीती खरी आहे, मी ती चेष्टेवारी नेत नाही. पण नाणं कळवलं म्हणून जमीन जात नाही. संरक्षित जागा जाहीर करायची रीतसर प्रक्रिया असते, आधी सूचना निघते, हरकती घ्यायला मुदत मिळते. नाण्यांची खबर आणि जमिनीचं संपादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज दोन प्रतींत द्या, आवक विभागाचा शिक्का मारून एका प्रतीवर पोच घ्या आणि ती सात-बाऱ्याच्या फायलीत ठेवा. लोक अडचणीत येतात ते बहुतेक वेळा कळवल्यामुळे नाही, चार महिन्यांनी गावात बोभाटा झाल्यावर पोलिसांनी दार वाजवल्यामुळे.

खापर

गोदाकाठची ताई, आधी एक कळकळीची विनंती. मूळ पोस्टमधून गावाचं नाव काढा. गावाचं नाव, नदीकाठ, 'नाणी सापडली' एवढ्यावर रात्री मशिनी घेऊन येणाऱ्या टोळ्या असतात. त्यांना तुमची ज्वारीही दिसत नाही आणि इतिहासही.

आता मुद्दा. मी पुरातत्त्व शिकले आहे, रानोमाळ खापऱ्या वेचत फिरते. आपल्याकडे गावाच्या दोन माती: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. माणसं शेकडो वर्षं जिथं राहिली तिथं राख, शेण, पडक्या भिंतींची माती साठत जाऊन पांढुरकी, भुसभुशीत होते. ती पिकाला चांगली म्हणून शेतकरी गाड्या भरभरून पांढर काळीत पसरत आले. म्हणजे तुमच्या रानात सापडलेलं नाणं तिथंच पडलं होतं असं समजू नका. ते दोन मैलांवरच्या ओसाड गावाच्या पांढरीतून गाडीनं आलेलं असू शकतं. किंवा घरात हरवलेला पैसा केरात, केर उकिरड्यात, उकिरडा शेणखतातून रानात. नाण्यासोबत खापरं, बांगड्यांचे काचतुकडे, जळकी हाडं दिसतात का ते बघा. नाणं एकटंच आहे की संसार घेऊन आलंय, यावर पुष्कळ ठरतं.

काळ्या मातीत खोलीवरून वय ठरवू नका. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची वस्तू आत घरंगळते, पावसात माती फुगून ढवळली जाते. मी १९४३ चा भोकाचा पैसा हातभर खाली पाहिला आहे आणि त्याच रानात शिवराई अगदी वर.

पण जागा महत्त्वाची. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला. नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात त्यानं क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, नाश केल्याचं लिहिलेलं आहेच, पण तो विजय खिशातल्या नाण्यापर्यंत कसा पोचला ते या साठ्यानं दाखवलं. साठा एकत्र मिळाला म्हणून हे कळलं. तो चार सोनारांकडे वाटला गेला असता तर चांदी उरली असती, गोष्ट नाही. याची दुसरी बाजू दायमाबादची. १९७४ साली प्रवरेकाठी एका शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना काशाचे रथ, हत्ती, गेंडा, रेडा मिळाले, एकूण साठ किलोहून जास्त वजनाचे. जगप्रसिद्ध वस्तू. पण त्या कुठल्या थरातून निघाल्या हे उत्खननात नोंदलं गेलेलं नाही, म्हणून त्यांच्या काळाबद्दल आजही वाद आहे.

तेव्हा नाणं उचलण्याआधी जागेचा फोटो, मोबाइलचं जीपीएस, आणि ते चारपाच मीटर चुकतं म्हणून विहिरीपासून आणि बांधाच्या दगडापासून पावलं मोजा. आणि माझा एक हट्टाचा नियम: नांगराच्या तासाखाली जायचं नाही. नांगर जिथवर जातो तिथवरची माती दर वर्षी उलटीपालटी होतेच, तिथून काढलेल्या नाण्यानं काही मोडत नाही. त्याखाली न हललेलं काही असेल तर तुम्ही खुरप्यानं काढता ते एका क्षणात कायमचं जातं.

सागरवेळ

कोकणातून लिहितोय. आमच्याकडे बंदरांच्या आसपास लारी निघते. ती नाण्यासारखी दिसतच नाही. चांदीची तार, मधोमध दुमडलेली, केसांच्या आकड्यासारखी, तिच्यावर अर्धवट अक्षरं. आदिलशाहीच्या काळात दाभोळच्या व्यापारात चालायची. आमच्या काकूंनी अशी एक तार कितीतरी वर्षं आकडा म्हणून भिंतीला लावली होती. वाकडीतिकडी तार निघाली तर फेकू नका.

नाणेपेटी

लारीची आठवण काढलीत ते छान झालं.

ताई, फोटो मिळाला. कडेच्या उजेडात मधोमध दोन समांतर रेघा स्पष्ट दिसतात, वर 'छत्र'मधला छ असावा. ही दुदांडी शिवराई. पेशवाईत अशा खूप पाडल्या गेल्या, इंग्रजी अंमल आल्यावरही खेड्यापाड्यांत बराच काळ चालत राहिल्या. तुमच्या देवघरातल्या शिवरायांवरही त्या दोन रेघा आहेत का पाहा. छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६७४ च्या राज्याभिषेकानंतरच्या शिवरायांवर एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति' येतं, अक्षर मोठं आणि मोकळं. पुढच्या काळात मजकूर तोच राहिला, अक्षर बिघडत गेलं. पुष्कळ वेळा ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे निम्मी अक्षरं नाण्याबाहेरच पडतात.

तुमच्या भागात निजामाचा हाली सिक्काही मिळेल, नंतरच्या नाण्यांवर चारमिनार. तो भारतीय रुपयासोबत १९५९ पर्यंत चालत होता, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवत असेल. विचारून ठेवा.

बाजारभाव

शिवराईला किती मिळतात? एका जाहिरातीत लाखांत किंमत पाहिली.

नाणेपेटी

दादा, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. साधी दुदांडी शिवराई खूप मिळते आणि लाखांत जात नाही. त्या जाहिराती नाणी विकत घेण्यासाठी नसतात. आधी 'नोंदणी फी', मग 'कर', मग 'कमिशन' असं करत तुमच्याकडूनच पैसे काढतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं लेखी इशारा दिला होता की अशा व्यवहारात बँक पडत नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही आणि कोणतीही फी घेत नाही. माझ्या मावसभावाचे असेच पैसे गेले, आणि पैशापेक्षा त्याचा माणसांवरचा विश्वास गेला त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं लिहिलेलं, मागे राम-सीता किंवा हनुमान असलेलं 'नाणं' कोणी दाखवलं तर ते नाणं नव्हे, नंतर बनवलेला टोकन-बिल्ला आहे. तांदूळ ओढणारं चमत्कारी भांडं वगैरे तर सरळ फसवणूक.

ओवी

हा धागा वाचताना राहवत नाही म्हणून लिहिते.

माझी आई शेतमजूर. मी लहान असताना एका मळ्यात खुरपताना तिच्या खुरप्याला गाडग्याचा काठ लागला. आत काळी पडलेली नाणी, ओंजळभर. तिनं हाक मारली, मालक आला, गाडगं उचलून घेऊन गेला. आईला त्या दिवशीची मजुरी मिळाली आणि 'कुणाला बोलू नको' एवढं सांगितलं. महिन्याभरात मालकानं ती सोनाराकडे आटवली असं कळलं. आईला त्यांवरचा एक घोडा आठवतो. "बारीक घोडा होता, पाय उचललेला," असं ती आजही बोटानं हवेत काढून दाखवते. ती कोणाची नाणी होती हे आता कधीच कळणार नाही.

कलम_वीस यांनी तीन हिस्से सापडवणाऱ्याचे लिहिलंय. आईला हे वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

खापर

ओवी, आईंना घोडा कागदावर काढायला सांगाल का? गाडगं कुठं लागलं ती जागा त्यांना आठवत असेल तर तीही लिहून ठेवा. नाणी गेली, पण 'या रानात घोड्याची नाणी होती' ही नोंद होऊ शकते. ती छोटी नाही.

गोदाकाठची

ओवी, तुझा प्रतिसाद वाचल्यापासून मला एक सांगायचं आहे. मी वर 'एक नाणं हाती आलं' असं लिहिलं. ते मला मशीननं मिळालं नव्हतं. आमच्याकडे खुरपायला येणाऱ्या मावशींना बांधाजवळ दिसलं, त्यांनी पदरानं पुसून माझ्या हातावर ठेवलं. आणि मी लिहिताना त्यांना गाळलं. मुद्दाम नव्हे, पण गाळलं.

आता शंभर पानी वही केलीय. प्रत्येक वस्तूपुढे तारीख, विहिरीपासून पावलं, खोली, सोबत काय होतं, आणि कोणाला सापडलं. पहिल्या ओळीत दुदांडी शिवराई आणि मावशींचं नाव. बाबा आणि काकांना बसवून कायदा वाचून दाखवला. धाकटे काका म्हणाले, रान आपलं, मशीन आपलं, मजुराचा काय संबंध? बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डोळा तिचा." विषय तिथं संपला. तिघा भावांच्या सह्यांनी शिवराईबद्दलचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात दिला, पोच मिळाली आहे. लिपिकानं दोनदा विचारलं, "एकाच नाण्यासाठी?" हो म्हटलं.

वाफसा दादा, ग्राउंड बॅलन्स जमला. सेन्सिटिव्हिटी निम्म्यावर आणली आणि रान एकदम शांत झालं. आता घुंगरू फसवतात. बैलांच्या घुंगरमाळेतलं पितळी घुंगरू हुबेहूब नाण्याचा आवाज देतं. एका बांधालगत पाच मिळाले. आजोबांची जोडी त्याच बांधावरून पाणी प्यायला जायची म्हणे.

वाफसा

घुंगरं टाकू नका, वहीत लिहा. आणि लोखंड गाळायचं डिस्क्रिमिनेशन फार वर नेऊ नका. शिशाची आणि मिश्रधातूची लहान नाणी चांदीकागदाच्याच आसपासचा आकडा दाखवतात. कंटाळा येतो, पण गुटख्याच्या पन्नास पुड्या उकराल तेव्हा एक्कावन्नाव्याला सातवाहन भेटतो. प्रत्येक खड्डा बुजवा. ठिबकच्या नळ्या आणि केबल कुठून गेल्यात ते आधी विचारून घ्या.

पाटपाणी

ताईंच्या बाबांचं बोलणं मनाला लागलं. आमच्या विहिरीच्या भरावात त्या रांजणांची खापरं अजून दिसतात. खापर मॅडम, फोटो पाठवले तर सांगाल का?

खापर

नक्की. शेजारी मोजपट्टी नाहीतर आगपेटी ठेवून काढा, आणि काठाचे तुकडे आधी. काठावरून सगळ्यात जास्त कळतं.

गोदाकाठची

वळीव झाला. परवा रात्री अर्धा तास चांगला पडला, काल दिवसभर ऊन, आज वाफसा. सकाळी साडेसहाला मी, मावशी आणि चुलतभाऊ असे तिघे रानात होतो. मशीन बांधावरच ठेवली होती. आधी डोळे.

ईशान्येच्या कोपऱ्यात पांढुरकी माती थोडी वर आली आहे. मी ती कायम चुनखडी समजत होते. तिथं दहा पावलांच्या आत सहा नाणी मिळाली. तीन मावशींना, दोन मला, एक भावाला. राखाडी, जड, करंगळीच्या नखाहून थोडी मोठी. एकावर हत्ती आहे, सोंड वर केलेला. दुसऱ्यावर फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. सोबत लाल चकचकीत खापराचे तुकडे आणि शंखाच्या बांगडीचा एक. भावानं नाणं हातात घेतलं, आपणहून म्हणाला, "घासायचं नाही, माहितीये," आणि कागदाच्या पुडीत ठेवलं.

मग मशीन फिरवली. कोपऱ्याच्या मधोमध असा आवाज आला की मी आजवर ऐकला नाही. नाण्याचा तुटक टुणकार नाही, रुंद आणि भरीव, कॉइल कुठूनही फिरवली तरी तोच. कॉइल वीतभर उचलली तरी येत होता. नांगर जातो तेवढं उकरलं, काही नाही. आवाज खाली होता.

खुरपं माझ्या हातात होतं. भाऊ माझ्याकडे बघत होता, मावशीही. खूप उकरावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आम्ही माती परत लोटली, पायानं दाबली आणि विहिरीपासून पावलं मोजली. एकशे बारा.

दुपारी नव्या अर्जावर बाबा, काका आणि मावशींनी सह्या केल्या, मावशींनी अंगठा नको म्हणून सावकाश नाव लिहिलं. अर्ज दिला, पोच घेतली, नाणी यादी करून जमा केली. पुरातत्त्व संचालनालयालाही तेच पत्र पाठवलंय. संध्याकाळी फोन आला, दोन जण बुधवारी सकाळी बघायला येणार आहेत. धाकट्या काकांनी त्या कोपऱ्यात पाळी घालायची नाही असं ट्रॅक्टरवाल्याला स्वतः जाऊन सांगितलं. आज रात्री त्यांनीच बाज टाकलीय बांधावर.